धारेचा हिशेब ठेवणारे टेलर

ऊसतोड असली की आमचे अण्णा आदल्या रात्रीच कोयत्यांना कानस लावून ठेवतात. तोडणारे दोघे, पण कोयते चार. जादा दोन कशाला, असं मी विचारलं. फडात धार गेली तर घासत बसायला वेळ कुठला, असं अण्णांनी सांगितलं. गुरुजींना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी मला फ्रेडरिक टेलर यांची माहिती वाचायला दिली.

टेलर यांचा जन्म अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे २० मार्च १८५६ रोजी झाला. वडील वकील होते. टेलर हार्वर्ड कॉलेजची प्रवेशपरीक्षा पास झाले, पण डोळ्यांच्या त्रासामुळे तिकडे गेले नाहीत. १८७४ साली ते पंपाच्या कारखान्यात उमेदवारीला लागले. १८७८ साली मिडव्हेल पोलाद कारखान्यात साधे मजूर म्हणून गेले आणि पुढे तिथेच मुख्य इंजिनिअर झाले.

त्या काळी लेथवरचे हत्यार जो तो आपल्या अंदाजाने घासत असे. धार गेली की कामगार उठून जाई आणि मशीन बसून राही. टेलर यांनी १८८० साली प्रयोग सुरू केले, ते २६ वर्षे चालले. त्यात ८ लाख पौंडांहून जास्त लोखंड-पोलादाचा कीस पडला! हत्यारावर पाण्याची मोठी धार सोडली की कापण्याचा वेग ४० टक्के वाढतो, हे त्यांना कळले. पुढे व्हाइट यांच्याबरोबर त्यांनी असे हत्यार केले, जे तापून लाल झाले तरी कापत राही. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले.

मला मात्र त्यांची हत्यारखोली जास्त आवडली. सगळी हत्यारे एकाच ठिकाणी, ठरलेल्या आकारात घासायची. कोणत्या कामाला कोणती लागतील ते आधीच कागदावर लिहायचे आणि काम सुरू होण्यापूर्वी ती तयार ठेवायची. अगदी आमच्या कोयत्यांसारखं!

पण टेलर घड्याळ लावून कामही मोजायला लावत. माणसाचं यंत्र करतात, असं कामगारांना वाटे. १९११ साली वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात यावरून संप झाला. टेलर यांना संसदेच्या समितीपुढे उत्तरे द्यावी लागली. २१ मार्च १९१५ रोजी ते वारले.

हे सगळं मी अण्णांना वाचून दाखवलं. हत्यारांचं त्यांना पटलं, घड्याळाचं नाही. ऊन आणि माणसाची कंबर घड्याळाला कुठं कळते, असं त्यांचं म्हणणं. मलाही तसंच वाटतं. पण आता मी रात्रीच पेन्सिलीला टोक करून दप्तरात ठेवतो, आणि एक जादा ठेवतो.