स्मृतीचे गणित मांडणारे डेव्हिड मार

शिकलेली गोष्ट मेंदूत नेमकी कशी साठते, या प्रश्नाचे उत्तर चेतापेशींच्या जोडणीतून गणिताच्या आधारे शोधणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड मार यांना अवघे ३५ वर्षांचे आयुष्य लाभले. त्यांचा जन्म १९ जानेवारी १९४५ रोजी इंग्लंडमधील वुडफर्ड येथे झाला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणिताचे शिक्षण घेऊन ते मेंदूच्या अभ्यासाकडे वळले.

१९६९ मध्ये त्यांनी लहान मेंदूविषयीचा सिद्धान्त मांडला. तेथील प्रत्येक पुर्किंजे पेशीला समांतर तंतूंकडून लाखाहून अधिक जोडण्यांद्वारे संदेश मिळतात. आरोही तंतू मात्र एकच असतो. हा तंतू शिक्षकाची भूमिका बजावतो. तो संदेश देतो त्या क्षणी कार्यरत असलेल्या समांतर तंतूंच्या जोडण्या बळकट होतात आणि सरावाने हालचाल अंगवळणी पडते, असे मार यांचे प्रतिपादन होते. या जोडण्या दुबळ्या होत असाव्यात, अशी दुरुस्ती अमेरिकी अभियंते जेम्स अल्बस यांनी १९७१ मध्ये सुचवली. १९८२ मध्ये जपानी शास्त्रज्ञ मासाओ इतो यांच्या प्रयोगांत तसेच आढळले. बदलाची दिशा चुकली, तरी तो कोठे घडतो हे मार यांनी अचूक हेरले होते.

१९७१ मध्ये त्यांनी हिप्पोकॅम्पस या स्मृतिकेंद्राचा विचार केला. ओळखीच्या गाण्याचे दोन सूर कानी पडताच सारे गाणे आठवते. एकमेकींशी जोडलेल्या पेशी अशा तुटक खुणेवरून पूर्ण स्मृती जागवू शकतात, हे त्यांनी गणिताने दाखवले. स्मृतीच्या पुढील अनेक संगणकीय प्रारूपांचा पाया येथेच घातला गेला.

तथापि, पेशींची जोडणी कळली तरी मेंदू कोणता प्रश्न सोडवतो आणि का, हे कळत नाही, याची जाणीव त्यांना अस्वस्थ करू लागली. १९७३ मध्ये ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेले आणि दृष्टीच्या संशोधनात रमले. उद्दिष्ट, पद्धत आणि प्रत्यक्ष यंत्रणा अशा तीन पातळ्यांवर मेंदू समजून घ्यावा, हा विचार तेथेच आकाराला आला.

याच काळात त्यांना रक्ताच्या कर्करोगाने गाठले. आजाराशी झुंजत त्यांनी ‘व्हिजन’ हा ग्रंथ लिहिला. परंतु १७ नोव्हेंबर १९८० रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकीय दृष्टीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत उत्कृष्ट शोधनिबंधाला दिला जाणारा मार पुरस्कार त्यांच्याच नावाचा आहे.