फ्रेडरिक इव्हान्स

यंत्राची कळ दाबली कीं छायाचित्र झालें, असा पुष्कळांचा समज असतो. ज्यांचें चरित्र येथें देत आहों, त्या इव्हान्स यांचें निम्में काम त्यानंतर, कागदावर होत असे.

त्यांचा जन्म १८५३ सालीं लंडन येथें झाला. धंदा पुस्तकविक्रीचा. बर्नार्ड शॉ त्यांच्या स्नेह्यांपैकीं एक. ऑब्री बिअर्डस्ली या तरुण चित्रकाराचे गुण त्यांनीं दुकानांतच हेरले व प्रकाशकाकडे शब्द टाकून त्यास पहिलें मोठें काम मिळवून दिलें. १८९८ सालीं दुकान सोडून ते इंग्लंड व फ्रान्समधील प्राचीन कॅथीड्रलांच्या छायाचित्रांकडे वळले. एकेका कॅथीड्रलांत ते कित्येक दिवस राहत आणि कोणत्या प्रहरीं कोणत्या खांबावर ऊन येतें, हें पाहत बसत.

चित्र छापण्यास ते प्लॅटिनमचा कागद वापरीत. या कागदाचें मर्म विद्यार्थ्यांनीं समजून घेण्याजोगें आहे. चांदीच्या नेहमींच्या कागदावर चित्र अंड्यांतील पांढऱ्या भागाच्या किंवा सरसाच्या पातळ थरांत असतें. त्यामुळें पृष्ठभाग चकाकतो व काळे भाग कालांतरानें फिके पडण्याची भीति असते. विल्यम विलिस यांनीं १८७३ सालीं शोधलेल्या प्लॅटिनमच्या रीतींत असा थरच नसतो. लोहाच्या व प्लॅटिनमच्या क्षारांनीं माखलेल्या कागदावर काच ठेवून प्रकाश दिला, कीं लोहाच्या साह्यानें शुद्ध धातु कागदाच्या तंतूंतच बसतो. म्हणून चित्र चकाकत नाहीं, विटत नाहीं. आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या रंगाच्या इतक्या छटा उतरतात, कीं दगडाचा खडबडीतपणा हातास लागेल असें वाटतें. मात्र चित्र काचेएवढेंच होतें, मोठें करतां येत नाहीं.

त्या काळीं कित्येक छायाचित्रकार कुंचला चालवून छायाचित्रास रंगचित्राचें रूप देत. इव्हान्स यांनीं तसें केलें नाहीं. काच जशी असे तशीच ते छापीत. हौस पुरवीत ती चित्राभोंवतीं मंद रंगांच्या कागदांच्या किनारी बसवून व बारीक रेघा आंखून.

वेल्स येथील कॅथीड्रलांतील जिन्याचें त्यांचें १९०३ सालचें चित्र जगप्रसिद्ध आहे. शतकानुशतकें पावलांनीं झिजलेल्या पायऱ्या त्यांत लाटांसारख्या दिसतात. म्हणूनच त्यांनीं चित्रास पायऱ्यांचा सागर असें नांव दिलें. आमच्या मतें त्याचें अर्धें श्रेय कागदाचें आहे. चकाकत्या कागदावर ती झीज इतकी मृदु दिसली नसती.

पुढें १९१४ सालीं महायुद्ध पेटलें. स्फोटक द्रव्यांच्या कारखान्यांस प्लॅटिनम लागूं लागलें, भाव भडकले व तो कागद दुर्मिळ झाला. चांदीचा कागद बाजारांत होता, परंतु त्यावरील चित्र इव्हान्स यांस आपलें वाटेना. १९१५ च्या सुमारास त्यांनीं छायाचित्रण जवळजवळ सोडूनच दिलें. कोणी यास हट्ट म्हणतील. पण त्यांची किंमत त्यांनीं स्वतःच भरली. १९२८ सालीं रॉयल फोटोग्राफिक सोसायटीनें त्यांस सन्माननीय फेलो केलें, तेव्हां एक तप उलटून गेलें होतें. १९४३ सालीं, वयाचें नव्वदावें वर्ष चालू असतां, ते निवर्तले.