ह्यूजचा मंत्रचळ आणि रुपेरी पडदा

अमेरिकन उद्योगपती हॉवर्ड ह्यूज ५ एप्रिल १९७६ रोजी मेक्सिकोहून टेक्सासकडे निघालेल्या विमानात मरण पावला, तेव्हा त्याची ओळख पटविण्यासाठी बोटांचे ठसे घ्यावे लागले. जगातील अग्रगण्य धनिकांत गणना होणाऱ्या त्या सहा फुटांहून उंच पुरुषाचे वजन जेमतेम ४२ किलो उरले होते.

तेलविहीर खणताना कठीण खडक फोडू शकेल अशा अवजाराच्या पेटंटावर त्याच्या वडिलांनी कारखाना उभारला. आईला रोगजंतूंची विलक्षण धास्ती. मुलाची ती रोज कसून तपासणी करी. अठराव्या वर्षापर्यंत दोघांचेही छत्र हरपले आणि संपत्ती हाती आली. पुढे त्याने चित्रपट काढले, १९३८ साली ९१ तासांत विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा केली, विमान कंपनी ताब्यात घेतली. १९४६ च्या भीषण विमान अपघातानंतर वेदनाशामक औषधांचे व्यसन जडले. हे सारे सर्वश्रुतच आहे.

मंत्रचळ मात्र वाढतच गेला. फळांचा डबा कसा धुवावा, कसा उघडावा, यासंबंधी त्याने सेवकांना तपशीलवार लेखी सूचना दिल्या होत्या. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही विकृतीची श्रमविभागणीच म्हटली पाहिजे! सामान्य कारकुनाला हात धुणे कधीतरी थांबवून कचेरी गाठावी लागते. ह्यूजला थांबविणारे कोणी नव्हते, कारण भोवतालचा प्रत्येकजण त्याचा पगारी नोकर होता. १९६६ साली विमान कंपनीचे भाग विकून त्याला ५४ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. त्याच वर्षी तो लास व्हेगासच्या एका हॉटेलात जाऊन राहिला आणि खोल्या रिकाम्या करण्याचा तगादा लागताच त्याने ते हॉटेलच विकत घेतले. योगायोग असा की, रुग्णाला भीतीसमोर उभे करून त्याचे विधी रोखल्यास हा विकार आटोक्यात येतो, हा अनुभव लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केला तोही १९६६ मध्येच.

मार्टिन स्कॉर्सेसीच्या २००४ मधील ‘द एव्हिएटर’ने या आजाराची टवाळी केली नाही, हे मान्य केले पाहिजे. दाराच्या मुठीला हात लावता येत नाही म्हणून कोणीतरी येण्याची वाट पाहणारा नायक अंगावर काटा आणतो. ‘अॅज गुड अॅज इट गेट्स’ किंवा ‘मंक’ या मालिकेतील गमतीदार विक्षिप्तपणापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे. परंतु चित्रपट थांबतो १९४७ वर, ह्यूजचे महाकाय विमान पाण्यावरून उचलले गेले त्या वर्षी. विकाराची चाहूल शेवटी असली, तरी प्रेक्षक घरी नेतो तो मुख्यतः पराक्रम. उरलेली २९ वर्षे पडद्याबाहेर राहतात: पडदे ओढलेल्या खोल्या, वाढलेली नखे, आणि मृत्यूनंतरच्या क्ष-किरण चित्रांत दिसलेली, दंडात रुतून बसलेली सुयांची तुटकी टोके.