शहरातल्या कामाला ‘वांझ’ ठरवणारा राजवाड्यातला डॉक्टर

शेती, उद्योग, सेवा. अर्थव्यवस्थेचे हे तीन भाग आपण शाळेत पाठ केलेत. पण त्याच्या खूप आधी, 1758 मध्ये, एका माणसाने वेगळीच वाटणी मांडली होती. गंमत म्हणजे तो पेशाने डॉक्टर होता. नाव फ्रान्स्वा केने.

केनेचा जन्म 1694 चा, पॅरिसजवळच्या मेरे गावातला. घर शेतकऱ्याचं. शस्त्रवैद्य म्हणून त्याने नाव कमावलं आणि 1749 मध्ये तो थेट व्हर्सायच्या राजवाड्यात पोहोचला. पंधराव्या लुईची लाडकी मादाम द पाँपादूर हिचा तो डॉक्टर. शेतीवर आणि धान्यावर लिहायला लागला तेव्हा त्याने साठी ओलांडली होती.

तेव्हा फ्रान्सचा शेतकरी करांनी पिचला होता, धान्याच्या व्यापारावर बंधनं होती. केनेने एक तक्ता काढला आणि पैसा समाजात कसा फिरतो ते नागमोडी रेघांनी दाखवलं. त्यात तीन वर्ग होते. शेती करणारे उत्पादक, खंडावर जगणारे जमीनदार आणि उरलेले सगळे. विणकर, सुतार, व्यापारी. या उरलेल्यांना त्याने नाव दिलं वांझ वर्ग! कारण एका दाण्याचे अनेक दाणे फक्त जमीन करते, सुतार तर लाकडाचा नुसता आकार बदलतो. (या हिशोबात डॉक्टरही वांझच, ही गोष्ट वेगळी.) म्हणून कर फक्त जमीनदारावर लावा आणि धान्याचा व्यापार खुला करा, असं त्याचं म्हणणं.

1774 मध्ये मंत्री तुर्गोने धान्यव्यापार खरंच खुला केला. त्याच डिसेंबरमध्ये केने वारला. पीक कमी आलं, पाव महागला आणि 1775 च्या वसंतात पॅरिस आणि आसपास दंगली उसळल्या. रस्त्यावर उतरलेल्यांत तक्त्यातले ‘वांझ’ लोकही होते.

पॅरिसमध्ये केनेला भेटलेल्या अॅडम स्मिथला कारागिरांना वांझ म्हणणं पटलं नाही. आजची प्राथमिक, द्वितीय, तृतीय ही विभागणी तर 1930 नंतर अॅलन फिशर आणि कॉलिन क्लार्क यांनी रुजवली. पण ‘उरलेल्यांचा’ कप्पा काही गेला नाही. शेतात नाही, कारखान्यात नाही, मग टाका सेवेत. भारताच्या उत्पन्नाचा निम्म्याहून जास्त वाटा आज याच कप्प्यातून येतो. बॉस्टन ते वॉशिंग्टन हा शहरपट्टा अभ्यासताना भूगोलतज्ज्ञ जाँ गॉटमनला तो अपुरा वाटला. 1961 मध्ये त्याने ज्ञान आणि निर्णयाच्या कामांसाठी चौथा कप्पा सुचवला. त्यानुसार हिंजवडीतला इंजिनिअर चौथ्यात जाईल. त्याच्या कंपनीच्या गेटवरचा वॉचमन आणि त्याचं जेवण आणणारा डिलिव्हरी बॉय मात्र अजून तिसऱ्यातच.