मलिक अंबर: गुलाम म्हणून आला, शहर वसवून गेला

भिवंडीहून खुलताबादला जियारतीसाठी जाणाऱ्या गाड्या कमी नाहीत. दर्गे, वेरूळ, दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा एवढं झालं की गाडी परत नाशिक रस्त्याला लागते. खुलताबादमध्येच, जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्यापासून जवळ, मोठ्या घुमटाची एक कबर आहे. तिकडे फारसं कुणी वळत नाही. मागच्या सहलीत आम्ही मुलांना मुद्दाम तिथे नेलं. ही कबर कुणाची, असं विचारलं तर एकही हात वर आला नाही. दोष मुलांचा नाही. आम्हीच कधी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहीत आहोत.

ही कबर मलिक अंबरची. त्याचा जन्म सुमारे 1548 साली हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि अरबस्तान, बगदाद असा हातोहात फिरत राहिला. मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला लिहायला, वाचायला, हिशेब करायला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढे तो दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याने त्याला विकत घेतलं. चंगेज खानही मुळात हबशी गुलामच होता! त्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला, विजापूरला चाकरीला राहिला आणि 1595 च्या सुमारास परत निजामशाहीत आला.

1600 साली अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजेने घेतला. निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं. अंबरने घराण्यातला एक वारस, दुसरा मुर्तझा, परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवला आणि पुढची पंचवीस वर्षं राज्य टिकवून धरलं. आपला कल्याण-भिवंडीचा मुलूखही तेव्हा याच राज्यात होता. त्याच्या फौजेत हबशी होते तसे मराठेही होते. समोरासमोर न भिडता रसद तोडायची, अचानक छापा घालायचा, ही त्याची पद्धत. 1624 मध्ये भातवडीला मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र आल्या, तेव्हा त्याने तलावाचा बांध फोडून त्यांची वाट चिखलात घातली. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. जहांगीर बादशहाचा त्याच्यावर इतका राग होता की अंबरच्या शिरावर बाण मारतानाचं स्वतःचं चित्र त्याने काढून घेतलं. प्रत्यक्षात अंबर कधीच त्याच्या हाती लागला नाही.

पण आम्हाला मुलांना सांगावंसं वाटतं ते लढायांपेक्षा वेगळं आहे. 1610 मध्ये त्याने खडकी गावाजागी शहर वसवलं. तेच पुढे औरंगाबाद झालं, आजचं छत्रपती संभाजीनगर. 1612 चा भडकल दरवाजा अजून उभा आहे. कोरड्या जागेत शहर वसवायचं तर पाणी हवं. त्यासाठी त्याने जमिनीखालून नहर काढली. डोंगराकडचं झिरपलेलं पाणी बांधीव बोगद्यातून, केवळ उताराच्या जोरावर शहरात येई. मोट नाही, बैल नाही. पाणचक्कीही त्यानेच बांधली असं पुष्कळ जण सांगतात, ते मात्र खरं नाही. ती अठराव्या शतकातली. त्याने जमिनीची प्रत पाहून सारा ठरवला, इजारदारी बंद केली. 1626 मध्ये सुमारे ऐंशीच्या वयात तो वारला, तेव्हा मुघलांच्या इतिहासकारानेसुद्धा त्याची तारीफ लिहून ठेवली.

या माणसाचं आज काय उरलंय? शहर वाढत गेलं तशी नहर बऱ्याच ठिकाणी फुटली, बुजली. आणि उरलेल्याची काळजी आपण किती घेतो, ते आम्ही त्याच सहलीत पाहिलं. दौलताबादला आमच्याच एका पोराने खिळ्याने भिंतीवर नाव कोरायला घेतलं. आम्ही ओरडलो, पण त्याच भिंतीवर आधीची नावं होती, आणि ती काही आजच्या पोरांची नव्हती. आमच्या पिढीनेही हेच केलंय. संरक्षित वास्तू विद्रूप केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे आम्ही त्यांना बसमध्ये सांगितलं. खरं तर ते निघण्याआधी वर्गात सांगायला हवं होतं.

आपला इतिहास कुणी पुसतंय, अशी तक्रार आपण घरात, नाक्यावर रोज ऐकतो. तक्रार करू या, जरूर करू या. पण पुढच्या वेळी खुलताबादला गेलात तर अर्धा तास त्या कबरीसाठी काढा. मुलांना कबर कुणाची ते सांगा. कचरा परत आणा आणि खिळा घरी ठेवा. एवढं तर आपल्या हातात आहे.