नवेगावचा कोलू पाटील

भंडारा हा तळ्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. पावसाने ओढ दिली की ज्या तळ्याच्या पाण्यावर आपला धान तगतो, ते कोणी बांधिले याचा विचार आपण क्वचितच करितो. म्हणून नवेगाव बांध येथील कोलू पाटील याचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो. हे गाव पूर्वी भंडारा जिल्ह्यात असून सन १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात मोडते.

कोलू हा जातीने कोहळी. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना कोहळी लोकांस आपणाबरोबर आणिले, अशी त्यांच्यात परंपरा आहे. ऊस लावणे व तळी बांधणे या कामी त्यांची मोठी ख्याती होती.

अठराव्या शतकाच्या आरंभी कोलूने नवेगावाजवळची डोंगरांनी वेढिलेली दरी निवडिली. डोंगरांवरचे पाणी दर पावसाळ्यात वाहून व्यर्थ जाई. मधल्या खिंडी बांध घालून अडविल्या, तर डोंगर हेच तळ्याच्या भिंती होतील, हे त्याने ओळखिले. तेव्हा यंत्रे नव्हती. कुदळ, पाटी व माणसांचे खांदे एवढ्यावरच सारी भिस्त. तरी सुमारे ११ चौरस किलोमीटरांचा जलाशय उभा राहिला, आणि त्याच्या आश्रयाने गाव व शेती वाढली.

पुढे लोकांनी कोलूस कोलासूर देव मानिले; एका शिखरावर त्याचे ठाणे आहे. भोवतालच्या शिखरांस सातबहिणी म्हणतात, व त्या सात देवींनी बांधकामास साहाय्य केले अशी कथा आहे. या आदरामागे कृतज्ञता आहे खरी. परंतु ज्या असंख्य मजुरांनी डोक्यावर माती वाहिली, त्यांची नावे कोणत्याही शिखरास मिळाली नाहीत. शिवाय देवांनी बांधिलेले तळे देवच राखतील, असे मन सहज म्हणू लागते. माणसांनी बांधिलेले तळे मात्र माणसांनीच राखिले पाहिजे.

सन १९५१ मध्ये मालगुजारी संपून या भागातील बहुतेक तळी सरकारकडे गेली. तेव्हापासून पुष्कळ गावी देखरेख ढिली पडली, आणि गाळ व बेशरमीची झुडपे यांनी तळी उथळ केली. कोलूने दरीत तळे पाहिले. आपण तळ्याचे पुन्हा माळरान होऊ देणार काय? बंधूंनो व भगिनींनो, येत्या उन्हाळ्यात आपल्या गावच्या तळ्यातून प्रत्येक घराने थोडा गाळ काढून आपल्या शेतात टाकावा. तळे खोल होईल, शेतही सकस होईल. कोलू पाटलाचे याहून चांगले स्मारक कोणते?