अनवाणी सवंगड्यांचा संगीतगुरू : झोल्तान कोडाय

इ.स. १८८२ हे साल आम्हा शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. सरकारचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्ची पडतो आणि ज्या रयतेच्या घामातून तो येतो तिची मुले मात्र प्राथमिक शाळेविना राहतात, हे त्यांनी त्यात कठोरपणे दाखवून दिले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १६ डिसेंबरला, हंगेरी देशातील केचकेमेत या गावी एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या घरी झोल्तान कोडाय यांचा जन्म झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने असे योगायोग जुळवण्याच्या मोहात फार पडूही नये. परंतु जोतीरावांनी शिक्षणाच्या बाबतीत जो प्रश्न विचारला तोच प्रश्न कोडाय यांनी पुढे संगीताच्या बाबतीत विचारला, म्हणून आपल्या शाळेच्या या स्मरणिकेत त्यांचे चरित्र सांगावेसे आम्हांस वाटते.

कोडाय यांचे वडील रेल्वे स्थानकावर अधिकारी होते. बदलीची नोकरी असल्यामुळे घर गावोगाव फिरले. वडील व्हायोलिन वाजवीत, आई पियानोवर साथ करी आणि गात असे. मुलगा लहान असतानाच कुटुंब गालांता या गावी आले (हे गाव आज स्लोव्हाकियात आहे) आणि सुमारे सात वर्षे तेथे राहिले. गालांताच्या साध्या गावशाळेत शेतकऱ्यांची, मोलकऱ्यांची मुले अनवाणी येत. घरातल्या मोलकरणींच्या आणि या सवंगड्यांच्या तोंडची गाणी छोट्या झोल्तानच्या कानांवर पडली आणि ती कायमची तेथे राहिली. गावात रोमा वादकांचा ताफाही होता, त्याचे नादही तसेच मनात रुजले. पुढे जगभर कीर्ती मिळाल्यावर कोडाय यांनी मुलांसाठी गीते लिहिली, तेव्हा याच अनवाणी सवंगड्यांची त्यांनी कृतज्ञतेने आठवण काढली.

पुढील शालेय शिक्षण आजच्या त्र्नावा शहरात झाले. घरच्या वाद्यमेळात चेलो वाजवणारा नव्हता, म्हणून ते चेलो स्वतःच शिकले. १९०० साली ते बुडापेस्टला गेले आणि एकाच वेळी दोन ठिकाणी शिकू लागले: विद्यापीठात भाषा व साहित्य आणि संगीत अकादमीत रचनाशास्त्र. त्या काळची बुडापेस्टची स्थिती समजून घेतल्याशिवाय त्यांच्या पुढील कार्याचे मोल कळणार नाही. हंगेरी तेव्हा ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या छत्राखाली होता. राजधानीतील प्रतिष्ठित घरांत जर्मन भाषेचा मान मोठा होता, संगीत अकादमीतील शिक्षणावर जर्मन परंपरेची छाप होती आणि कोडाय यांचे रचनागुरू हान्स कोस्लर हे स्वतः जर्मन होते. हंगेरियन संगीत म्हणजे कॅफेत वाजणारे रोमा वादकांचे संगीत, अशी शहरी मध्यमवर्गाची समजूत होती. नांगरामागे चालणारा शेतकरी आणि त्याची म्हातारी आई जे गातात त्यालाही संगीत म्हणतात, हे त्या समाजाच्या गावीही नव्हते. प्रस्थापितांचा हा बहिरेपणा आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

१९०५ साली कोडाय खेडोपाडी निघाले आणि गाणी टिपून घेऊ लागले. याच सुमारास बेला बार्तोक या दुसऱ्या तरुण संगीतकाराशी त्यांची मैत्री जुळली. दोघे मेणाच्या नळकांडीवर आवाज मुद्रित करणारा फोनोग्राफ घेऊन गावागावांतून हिंडले. १९०६ साली कोडाय यांनी हंगेरियन लोकगीतांच्या कडव्यांच्या रचनेवर डॉक्टरेटचा प्रबंध पूर्ण केला, आणि त्याच वर्षी दोघांनी मिळून वीस लोकगीतांचा एक छोटा संग्रह प्रसिद्ध केला. १९०७ पासून ते संगीत अकादमीत शिकवू लागले. या संकलनातून असे दिसून आले की, हंगेरियन शेतकऱ्यांच्या सर्वांत जुन्या चाली पाच स्वरांच्या आहेत आणि त्यांची नाळ पश्चिमेपेक्षा पूर्वेकडील लोकसमूहांशी जुळते. ज्यांना अडाणी म्हटले गेले त्यांच्याच कंठात देशाचा सर्वांत जुना ठेवा सुरक्षित राहिला होता. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांचे असेच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हां यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. त्यांत बाबासाहेबांवर आमच्या आयाबहिणींनी दळताना रचलेल्या ओव्या पाहिल्या म्हणजे, इतिहासाचे किती मोठे साधन आपण केवळ दुर्लक्षाने गमावत होतो हे ध्यानात येते.

१९१९ साली हंगेरीत अल्पकाळ कामगारांची सत्ता आली आणि कोडाय अकादमीचे उपसंचालक झाले. काही महिन्यांतच ती सत्ता कोसळली. त्यांच्यावर चौकशी लादली गेली आणि सुमारे दोन वर्षे त्यांना अध्यापनापासून दूर ठेवण्यात आले. १९२३ साली बुडा आणि पेस्ट ही शहरे एक झाल्याला पन्नास वर्षे झाली, त्या समारंभासाठी त्यांनी 'साल्मुस हुंगारिकुस' ही भव्य समूहगान-रचना केली आणि तिने त्यांना देशाबाहेरही नाव मिळवून दिले. येथपर्यंतचे हे चरित्र एका यशस्वी संगीतकाराचे आहे. असे चरित्र अनेकांचे असते.

खरे वळण पुढे आहे. १९२५ च्या सुमारास शिक्षिका होण्यासाठी शिकणाऱ्या मुली सहलीत उथळ, बेसूर गाणी गाताना त्यांनी ऐकल्या आणि ते अस्वस्थ झाले. ज्या मुली उद्या वर्गात उभ्या राहणार त्यांचेच कान असे घडले असतील तर त्यांच्यासमोर बसणाऱ्या मुलांचे काय होणार? दुसरीकडे, एंद्रे बोरुश नावाच्या शिक्षकाने राजधानीतील एका साध्या शाळेच्या मुलांचे गायनपथक किती उत्तम तयार केले आहे, हेही त्यांच्या ध्यानी आले. म्हणजे दोष मुलांत नव्हता. त्या वर्षी कोडाय यांनी मुलांच्या आवाजासाठी रचना लिहिल्या आणि तेथून पुढची चाळीस वर्षे हेच त्यांचे मुख्य कार्य झाले. अकादमीत शिकवणारा, युरोपभर गाजलेला माणूस पहिली-दुसरीच्या वर्गासाठी दोन-तीन स्वरांचे तुकडे लिहीत बसला, याची त्यांच्या बरोबरीच्या अनेकांना गंमत वाटली असेल. कोडाय यांचे मत मात्र पक्के होते. राजधानीच्या ऑपेरागृहाचा संचालक कोण आहे यापेक्षा किशवार्दासारख्या आडगावात गायनशिक्षक कोण आहे, याला त्यांच्या लेखी अधिक महत्त्व होते. वाईट संचालक लवकर जातो. वाईट शिक्षक मात्र तीस वर्षे, तीस तुकड्यांच्या मनातील संगीताची आवड मारत राहतो.

त्यांची पद्धती काय होती, हे येथे जरा विस्ताराने सांगतो, कारण आपल्या पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना त्यात घरचे काही सापडेल. पहिली गोष्ट, सुरुवात वाद्याने नव्हे, कंठाने करायची. कंठ प्रत्येक मुलाजवळ असतो, त्याला पैसे पडत नाहीत. दुसरी गोष्ट, गाणी मुलाच्या मातृभाषेतील, खेळातील, गावातील हवीत. तिसरी, स्वर एकदम सगळे द्यायचे नाहीत. लहान मूल खेळताना सवंगड्याला हाक मारते तेव्हा ती बहुधा वरच्या स्वरावरून खाली उतरते. आपल्या भाषेत सांगायचे तर प वरून ग वर. कोडाय यांच्या पद्धतीत सुरुवात याच दोन स्वरांनी होते. त्यानंतर ध येतो, मग सा आणि रे. वाचकांपैकी जाणकारांच्या लक्षात आले असेल की हे आपल्या भूप रागाचेच पाच स्वर झाले. यांत अर्ध्या स्वराचे अंतर कोठेच नसल्यामुळे कोवळ्या गळ्याला सूर सांभाळणे सोपे जाते. आपल्याकडे पेटीवर पहिल्याच दिवशी सातही स्वर चढ-उतार करून म्हणवून घेण्याची रीत आहे, तिच्याविषयी आम्हांस यामुळे पुनर्विचार करावासा वाटतो.

चौथी गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. कोडाय यांच्या पद्धतीत 'डो' हा स्वर कोणत्याही पट्टीत ठरवता येतो. आपला षड्ज जसा गायकाच्या गळ्याप्रमाणे सरकतो, तसाच. हे तंत्र त्यांनी इंग्लंडमधून घेतले. तेथे सॅरा ग्लोव्हर या शिक्षिकेने आणि नंतर जॉन कर्वेन या धर्मोपदेशकाने रविवारच्या शाळांतील सामान्य मुलांसाठी ते घडवले होते. हाताच्या खुणाही कर्वेन यांच्याच. डो साठी मूठ, मी साठी आडवा सपाट पंजा, सो साठी स्वतःकडे वळवलेला तळवा, ला साठी मनगटातून खाली लोंबणारा हात. हात शरीराजवळ खाली-वर होतो तसा स्वर खाली-वर होतो, म्हणजे मुलाला उंची डोळ्यांनी दिसते. एका मात्रेला 'ता' आणि तिच्या दोन अर्ध्या भागांना 'ती-ती' असे बोल आहेत, त्यांचे मूळ फ्रान्समधले. तबल्याचे बोल ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना हे नवे नाही. दुसऱ्यांचे उत्तम ते घ्यायचे आणि आपल्या मातीत मुरवायचे, ही कोडाय यांची वृत्ती होती.

या पद्धतीतला आमच्या आवडीचा खेळ असा आहे. सारा वर्ग गात असतो, शिक्षक खूण करतात आणि गाणे बंद होते, पण प्रत्येकाच्या मनात ते चालूच राहते. पुन्हा खूण झाली की सर्वांनी एकदम, चालीच्या अचूक जागी, आवाज धरायचा. चाळीस मुले एका क्षणी एकाच शब्दावर येतात. आपल्या वसतिगृहात पहाटे आणि सायंकाळी त्रिशरण-पंचशील म्हणताना लहानांचे आवाज जसे एकमेकांत मिसळतात, ते ज्यांनी ऐकले आहे त्यांना या खेळातील शक्ती वेगळी सांगावी लागणार नाही.

आणि येथेच कोडाय यांचा मुख्य मुद्दा येतो. आम्ही अशा शाळा पाहिल्या आहेत, जेथे स्नेहसंमेलनासाठी दहा सुरेल गळे निवडले जातात आणि बाकीच्यांना फक्त ओठ हलवायला सांगितले जाते. ओठ हलवणाऱ्या त्या मुलाला काय वाटते, हे कोणी विचारत नाही. तो पुढे आयुष्यभर आपल्याला गाता येत नाही असेच सांगत राहतो. विशेष म्हणजे ज्या घरांतून हलगी, सनई, तुतारी पिढ्यान्‌पिढ्या वाजली, ज्यांच्या जलशांनी आणि वामनदादा कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी विचार निरक्षर माणसापर्यंत पोचवला, त्याच घरांतील मूल संगीताच्या तासाला मागच्या बाकावर बसते. कोडाय यांची पद्धती निवडीच्या विरुद्ध उभी आहे. संगीत प्रत्येकाचे आहे आणि ते वाचता-लिहिता येणे हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, मग त्याचा गळा कसाही असो, हा त्यांचा आग्रह होता.

चिकित्सेशिवाय गौरव करणे आपल्या परंपरेत बसत नाही, म्हणून एक उणीव नोंदवतो. रोमा लोकांची भाषा भारतीय भाषाकुळातील आहे, त्यांचे पूर्वज शतकांपूर्वी आपल्याच भूमीतून तिकडे गेले आणि युरोपात त्यांना गावकुसाबाहेरचेच जिणे मिळाले. कोडाय यांनी १९३३ साली 'गालांताची नृत्ये' ही रचना करून बालपणीच्या त्या रोमा ताफ्याचे ऋण मानले. परंतु रोमांची स्वतःच्या भाषेतील गाणी त्यांच्या शालेय साहित्याच्या केंद्रस्थानी कधी आली नाहीत. उलट १९२५ च्या त्यांच्या पहिल्या बालगीत-रचनांपैकी एकीत रोमा माणसाची थट्टाच आहे. ती चाल लोकपरंपरेतून आली हे खरे, पण लोकपरंपरा सर्वांनाच न्याय देते असे नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

१९३७ पासून त्यांचे दोन आवाजांतील छोट्या गीतांचे संग्रह निघू लागले. १९४३ साली स्वरवाचनाचे ३३३ प्राथमिक पाठ आले. येनो आदाम, ग्यॉर्ग्य केरेन्यी, लॉयोश बार्दोश या शिष्यांनी पाठ्यपुस्तके, शिक्षकांसाठी मार्गदर्शिका आणि गायनपथके उभी केली. बालवाडीतील संगीताकडेही कोडाय यांनी याच काळात लक्ष वेधले, कारण सहाव्या वर्षापर्यंत कान बराचसा घडून गेलेला असतो. महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात बुडापेस्ट वेढ्यात सापडले. पत्नी एम्मा ज्यू कुळातील असल्यामुळे जिवाची भीती होती, आणि या दांपत्याला एका मठाच्या तळघरात आश्रय घ्यावा लागला. तेथेही त्यांचे रचनाकार्य थांबले नाही.

युद्धानंतर राजवट बदलली, काही पुस्तके मागे पडली, तरी काम टिकले. १९५० साली त्यांच्या जन्मगावी, केचकेमेत येथे, मार्ता नेमेसेगी या शिक्षिकेने पहिली गायन-प्राथमिक शाळा सुरू केली. तेथे भाषा-गणिताप्रमाणे संगीताचा तास रोज असे. पुढील दहा-बारा वर्षांत देशभर अशा शंभराहून अधिक शाळा निघाल्या. या शाळांतील मुले इतर विषयांतही पुढे असतात, असे निरीक्षण तेथील शिक्षकांनी नोंदवले. आम्ही त्यावर फार भर देणार नाही. गणिताचे गुण वाढतात म्हणून गाणे शिकवावे, हा युक्तिवाद आम्हांस गाण्याचा थोडा अपमानच वाटतो. १९६४ साली बुडापेस्टला संगीतशिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, परदेशी पाहुण्यांनी ही मुले कागदावरचे अनोळखी गाणे पाहून सहज गाताना ऐकली, आणि त्यानंतर ही पद्धती जपानपासून अमेरिकेपर्यंत गेली.

६ मार्च १९६७ रोजी बुडापेस्ट येथे वयाच्या ८४ व्या वर्षी कोडाय यांचे निधन झाले. १९७५ साली केचकेमेतमध्ये एका जुन्या मठाच्या वास्तूत त्यांच्या नावाची संगीतशिक्षण संस्था उभी राहिली, तेथे देशोदेशींचे शिक्षक शिकावयास येतात. २०१६ साली युनेस्कोने लोकसंगीताचा वारसा जपण्याच्या त्यांच्या पद्धतीची आपल्या नोंदवहीत दखल घेतली. मार्ताबाईंनी सुरू केलेली ती प्राथमिक शाळा आज त्यांचेच नाव धारण करून उभी आहे.